आधी मान्यता, मग पूल

कोळार, बिदर
१२ डिसेंबर

उद्धवराव,

नवऱ्याचं नाव असं कागदावर मांडायची माझी ही पहिलीच खेप. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आता. पण तुमचा निरोप 'माननीय राष्ट्रपती यांजकडून' असा आला, तेव्हा माझीही भीड मेली. राष्ट्रपतीला नावानं लिहिलेलं चालतं.

फोन कामून केला न्हाई म्हणून राग धरू नका. फोन केला की तुम्ही स्पीकरवर टाकता. मागल्या खेपेला मी नुसतं "जेवलात का?" विचारलं, तर मागून चार माणसं हसली आणि कुणीतरी म्हणलं, "बाईसाहेबांनी राष्ट्रपतींच्या तब्येतीची चौकशी केली, टाका ग्रुपवर." तोंडात माती गेल्यावाणी झालं मला. म्हणून कागद. पोस्टमनला तुम्ही वाडीत शिरू देत न्हाई, परक्या देशाचा माणूस म्हणून. तेव्हा हा कागद रेणुकाबाईच्या हाती देते. मेंढ्यांचं औषध न्यायला ती बिदरला आलीय. तिला तरी अडवू नका. शेजारीण हाय ती आपली, पल्लवीला अंगाखांद्यावर खेळवलेली.

सव्वीस जानेवारीला मला 'राष्ट्रमाता' अशी पदवी द्यायचं ठरलंय म्हणं. त्याच दिवशी का, तर त्या दिवशी टीव्हीवाल्यांना परेडशिवाय दुसरं काही नसतं, आपली बातमी चालंल. हिरवी साडी नेसून यावं असंही लिहिलंय. मी येणार न्हाई. हिरव्या साडीत न्हाई, कुठल्याच साडीत न्हाई.

मी सत्यभामाकडंच हाय. बहीण हाय म्हणून ठेवून घेतलंय, पण फुकट खात न्हाई. इथल्या एका गोदामात तूर निवडायला जाते. दिवसभर खडे वेगळे काढायचे. बरं वाटतं, काहीतरी साफ करायलेय असं वाटतं.

आपल्या पोरीचं काय झालं ते तुम्ही माईकवर इतक्यांदा सांगितलंय की मला भ्या वाटतं, खरं काय झालं ते तुम्ही इसरून गेला असाल. परवा मी त्या मोबाईलवर ऐकलं. तुम्ही म्हणायलात, "माझी लेक दोन राज्यांच्या मधोमध स्वातंत्र्यासाठी शहीद झाली." उद्धवराव, पोरगी बाळंतपणाला माहेरी आली होती. श्रावणात ओढा भरला. पल्याड डांबरी सडक, अल्याड आपली करंजवाडी. पूल न्हाई, कारण ओढा म्हणजेच सरहद्द. कर्नाटकवाले म्हणायचे, पलीकडचा काठ महाराष्ट्राचा, त्यांना बांधू द्या. महाराष्ट्रवाले म्हणायचे, वाडी कर्नाटकाची, आमचा काय संबंध. आपण ट्रॅक्टरची ट्यूब फुगवली, वर बाज बांधली, मी तिच्या उशाशी बसले, तिचा भाऊ शिवराज आणि दोघं पोहत आम्हाला घेऊन निघाले. पल्याड दवाखान्याची गाडी उभी होती, दिसत होती. बाज काठाला लागली तवा पोरगी थंड पडायली होती. पोटातलं पोटातच राहिलं. स्वातंत्र्याचं तिनं नावही काढलं न्हाई. "आई, पाय गार पडलेत," एवढंच म्हणली.

सतरा सप्टेंबरला ओढ्याच्या दोन्ही अंगांना मुक्तिदिनाचे झेंडे लागले, आणि तुम्ही मधल्या वाळूत तिसराच रोवलात. म्हणलात, आमचं कुणीच न्हाई, तर आम्हीही कुणाचे न्हाई. आजपासून करंजवाडी स्वतंत्र देश. तेव्हा मला काही वाटलं न्हाई. वाटलं, माणूस दुःखानं पेटलाय, पेटू दे. दोन्ही सरकारांच्या तोंडात मारली, बरं झालं. पण देशाला तुम्ही पोरीचं नाव दिलं. 'पल्लवी गणराज्य'. मग लोक म्हणायले, पल्लवीची सभा हाय, पल्लवीची वर्गणी द्या, पल्लवीचा झेंडा इस्त्री करा. माझ्या लेकराचं नाव मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकवंना.

मी घर कामून सोडलं ते कुणाला सांगितलं न्हाई. तुम्ही लोकांना सांगितलंत, बायकोची तब्येत बरी न्हाई. तब्येत बरी हाय माझी. त्या दिवशी टीव्हीवाली पोरगी आली होती. मी पल्लवीचं बोलता बोलता रडले. ती म्हणली, "काकू, आवाज आला नाही, परत एकदा रडाल का?" ती परकी, तिचं काय. पण तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणलात, "नागू, रड की. देशासाठी रड."

त्याच दिवशी बोचकं बांधलं मी.

नागूबाई


कोळार
३ फेब्रुवारी

उद्धवराव,

मान्यता मिळाली म्हणं. अभिनंदन करावं का काय करावं कळंना झालंय.

सत्यभामाच्या पोरानं मोबाईलवर दाखवलं. वाडीत फटाके, मारुतीच्या पारावर मोठा पडदा, पडद्यावर एक गोरा माणूस. दाढी, डोक्यावर टोपी, छातीवर बिल्ले. युरोपात कुठंतरी त्याचं शेत हाय, त्या शेताचं त्यानं राज्य केलंय आणि स्वतःला राजा म्हणवतो. त्याला तरी कुणी मानलंय का? त्यानं तुम्हाला मानलं, तुम्ही त्याला मानलं. दोन भिकाऱ्यांनी एकमेकांना दान करावं तसं. आणि आपली माणसं उभी राहून टाळ्या वाजवायलीत. शिवय्या मास्तर मधी उभे, त्यांना तुम्ही परराष्ट्रमंत्री केलंय. चांगला शिकवणारा माणूस. पोरांना इंग्रजी शिकवायचं सोडून तो राजाचं बोलणं मराठीत आणि तुमचं इंग्रजीत करायलाय.

मी सगळं शेवटापर्यंत बघितलं. सत्यभामा म्हणली, "अक्का, बंद कर, तुझं तोंड कसं व्हायलंय बघ." पण मला बघायचं होतं.

त्या राजानं एक गोष्ट बरी विचारली. त्यानं विचारलं, "तुमच्या देशाला सगळ्यात जास्त गरज कशाची आहे?" मास्तरांनी मराठीत सांगितलं. तुम्ही घसा साफ केलात. मी इकडं कोळारात जीव मुठीत धरून बसले. म्हणलं, आता म्हणतील. आता तरी म्हणतील.

तुम्ही म्हणलात, "मान्यतेची."

 उठून मोरीत गेले, तोंडावर पाणी मारून परत बसले.

त्यानंतर तुम्ही विकासाचा आराखडा वाचून दाखवलात, तोही ऐकला. पहिली देशाची कमान. मग झेंड्याचा खांब. मग पासपोर्ट आणि शिक्के. मग पल्लवीचा पुतळा. मग राष्ट्रगीत, त्याला बाहेरून गायक आणायचा. पूल कितवा होता ते तुम्हालाच ठाऊक, मला तर तो वाचताना तुमचा श्वास संपत आलेला दिसला. आणि वर हे, की एकदा जगानं मानलं की मोठमोठ्या बँका दारात उभ्या राहतील, एक न्हाई दहा पूल बांधून देतील. तोवर कुणाकडं पूल मागणं म्हणजे त्याची सत्ता कबूल करणं. "आधी मान्यता, मग पूल." लोकांनी याची घोषणा केली. बसवंतप्पाच्या पिठाच्या गिरणीवर रंगवलंय म्हणं.

पुतळा ओढ्याच्या काठाला उभा करणार हाव म्हणं, हात वर केलेली, झेंडा धरलेली. तिचे हात कसे होते ते तुम्हाला आठवतंय का? बाजेच्या कडेला घट्ट धरलेले होते. सोडवावे लागले.

आता दुसरं. आपली सून विजयश्रीला दिवस गेलेत आणि पाचवा महिना लागलाय, हे मला रेणुकाबाईकडून कळावं? शिवराजला विचारलं तर म्हणतो, "आई, बा म्हणले, आत्ताच सांगू नको, देशातलं पहिलं लेकरू हाय, जाहीर समारंभात सांगू." लेकरू पोटात हाय अजून आणि तुम्ही त्याचा समारंभ मांडलात.

जूनमध्ये तिचे दिवस भरतात. जूनमध्ये पाऊस येतो. मी ह्यापेक्षा जास्त काही लिहीत न्हाई, तुम्ही मॅट्रिक झालेले हाव.

नागूबाई


कोळार
२२ मार्च

उद्धवराव,

परवा कमानीपाशी आपली गाठ पडली. तुम्ही मला ओळख दाखवली न्हाई, म्हणून लिहायलेय.

तुम्ही विचार करत असाल, ही त्या जीपमध्ये कशी. सांगते. संक्रांतीपासून मी आणि रेणुकाबाई कचेऱ्या चढायलाव. गोदामाला सुट्टी असली की ती मेंढ्या दिराकडं सोपवून येते, आणि आम्ही जाताव. कधी इकडल्या कचेरीत, कधी पल्याडच्या. पल्याड मराठीत मी बोलायची, इकडं कानडी लागली तर ती बोलायची. पुष्कळ ठिकाणी हाकललं. एका साहेबानं विचारलं, "तुम्ही त्या फुटीर गावच्या का?" मी म्हणलं, "मी बाळंतिणीच्या गावची." शेवटी दोन्हीकडचे साहेब एका टेबलाला बसले आणि पूल मंजूर झाला. आपल्याकडच्यांनी बांधायचा, पल्याडच्यांनी काठ द्यायचा.

आणि व्हय, हेही लिहिते. ते टेबलाला बसले ते तुमच्या झेंड्याला भिऊन. तुम्ही बोंब मारली नसती तर आणखी तीस वर्सं कुणी बघितलं नसतं. हे मी नाकारत न्हाई. म्हणून तर जास्त वीट येतो. ज्याच्यासाठी बोंब मारली ते दारात येऊन उभं राहिलं, आणि तुम्ही दार लावलं.

इंजिनिअर साहेब तरणे, रायचूरकडचे, मराठी मोडकं. जीप कोरड्या ओढ्यातून वर आली. समोर कमान, आडवा बांबू. बांबूला धरून आपला शिवराज उभा, डोक्यावर टोपी, दंडाला फीत. संरक्षणमंत्री. त्यानं मला बघितलं आणि मान खाली घातली.

"पासपोर्ट," शिवराज म्हणला.

साहेबांना वाटलं थट्टा हाय. "काय री, अण्णा, मोजायला आलोय. टेप आहे, दुर्बीण आहे, पासपोर्ट नाही."

मग तुम्ही आलात. खांद्यावर शाल, मागून दोघं खुर्ची घेऊन. उन्हात खुर्ची मांडली, तुम्ही बसलात. साहेब उभेच.

तुम्ही म्हणलात, "आमच्या भूमीत परक्या सरकारचा नोकर टेप लावणार न्हाई."

"अप्पा, तुमच्याच लोकांसाठी पूल आहे री."

"असंल. आधी तुमच्या सरकारनं लेखी द्यावं की पल्लवी गणराज्य हा वेगळा देश आहे. मग दोन देशांत करार होईल. मग मोजा."

"मी ज्युनिअर इंजिनिअर आहे, अप्पा. मी देश कसा मानू?"

लोक हसले. तुम्हीही हसलात. मी जीपमधून उतरले. म्हणलं, "अहो, सुनेला सहावा सरायलाय."

तुम्ही माझ्याकडं न बघता मास्तरांना म्हणलात, "ह्या बाई कोण? यांच्याकडं प्रवेशाचा परवाना आहे का?"

मास्तर लाजेनं लाल झाले. ते पाठ फिरवून कमानीमागं गेले, एवढी माणुसकी राहिलीय त्यांच्यात.

ज्या गावात मी माप ओलांडून आले, त्याच गावात मला परवाना. मला रडू आलं न्हाई, घाबरू नका. मला तुमची शिसारी आली. एवढ्या वर्सांत तुम्ही माझ्यावर ओरडलात, एकदा ताट फेकलंत, तेव्हाही आली न्हाई अशी. तुमची शाल, तुमची ती खुर्ची, गालातल्या गालात आलेलं हसू, सगळ्याची. वाटलं, ह्या माणसाच्या ताटातलं मी खाल्लंय.

विजयश्री घराच्या दारात उभी होती. लांबून दिसली. पदर पोटावर धरलेला. 

 परत येताना ओढ्यातून गाडी चढवल्यावर साहेब म्हणले, "अक्का, काम यंदा सुरू झालं नाही तर मंजुरी जाते री. मग मी काही करू शकत नाही."

मी त्यांना म्हणलं, तुम्ही फक्त यंत्र तयार ठेवा.

नागूबाई


करंजवाडी
१८ एप्रिल

उद्धवराव,

एकाच गावात असून पत्र लिहायलेय. मी रेणुकाबाईच्या ओसरीत, तुम्ही आपल्या घरात दार लावून. दार वाजवलं, तुम्ही उघडलं न्हाई. म्हणून फटीतून आत सारते. तुम्हाला जे झालं ते दुसऱ्यांच्या तोंडून मीठमसाला लावून कळायच्या आधी माझ्याकडून कळू दे. तुम्हाला वाटतंय मी शिवराजला फितवलं. न्हाई फितवलं.

परवा शिवराज एकटाच कोळारला आला. गोदामाच्या दारात उभा राहिला. टोपी न्हाई, फीत न्हाई. मी हातातलं सूप खाली ठेवलं. बाहेर आम्ही चहाच्या गाड्यावर बसलाव.  मग म्हणला,

"आई, बानं ट्यूब आणून ठेवलीय."

"कसली ट्यूब?"

"ट्रॅक्टरची. नवी. मला म्हणले, जूनात ओढा भरला तर सुनेला ह्यावरून न्यायचं. म्हणले, कॅमेरा आधीच बोलावून ठेवू. जगाला दिसंल."

 मला वाटलं, त्याला ऐकायला चुकलं असंल.

"दिसंल म्हणजे?"

"म्हणजे आपल्यावर काय वेळ येते ते जगाला दिसंल. मग मान्यता लवकर मिळंल." त्यानं कप खाली ठेवला. "आई, पल्लवीच्या वक्ताला मी पाण्यात होतो. ती बाज माझ्या हातात होती. मी विजयश्रीला त्या ट्यूबवर बसवणार न्हाई. बा मारू दे, देशातून काढू दे."

उद्धवराव, हे तुम्ही खरंच बोललात का? शिवराज खोटं बोलत न्हाई, तरी मी तुम्हाला विचारते. तुम्ही एकदा 'न्हाई' म्हणा. मी त्या एका शब्दावर विश्वास ठेवायला तयार हाय. कारण हे जर तुम्ही बोलला असाल, तर पल्लवीचा बाप कोण होता ते मला ठाऊक न्हाई.

त्याच संध्याकाळी वाडीत येऊन मी दाराबाहेरून हेच विचारलं होतं, त्या 'न्हाई'साठी दोन दिवस दिले. दार बंदच.

आज सकाळी तुम्ही येण्याआधी काय झालं ते खिडकीतून बघितलं असंलच. साहेबांचं यंत्र पल्याड उभं होतं. आम्ही बायका कमानीपाशी गेलाव. मी, रेणुकाबाई, बसवंतप्पाची म्हातारी लिंगम्मा, आणखी पंधरावीस जणी असतील. पोटुशी, लेकुरवाळ्या, ज्यांच्या पोरी उद्या माहेरी यायच्यात त्या. कुणी घोषणा दिली न्हाई. तुमचे चार मंत्री आडवे आले. एक म्हणला, "बाई, हा देशद्रोह आहे." लिंगम्मा बहिरी हाय, तिनं विचारलं, "काय म्हणायलाय?" रेणुकाबाई तिच्या कानात ओरडली, "म्हणतो, पूल नको!" लिंगम्मानं हातातली काठी त्याच्या पायावर अशी टाकली की तो बाजूला झाला. लोक हसले, पण कुणाला गंमत वाटली असं न्हाई.

बांबू शिवराजनंच उचलला. म्हणला, "या."

तुम्ही आलात, खुर्ची आली, तुम्ही यंत्रापुढं बसलात. मला वाटलं, आता दिवसभर बसणार. कुणी तुम्हाला हात लावला न्हाई, हे ध्यानात ठेवा. विजयश्री पुढं आली आणि तुमच्या खुर्चीशेजारी खाली मातीत बसली. सातवा सरत आलेली बाई, उन्हात. म्हणली, "मामंजी, तुम्ही बसा जेवढं बसायचं तेवढं. मीही बसते."

तुम्ही तिच्याकडं बघितलं. मग उठलात आणि घरात गेलात. खुर्ची तिथंच राहिली, ती डायव्हरनं बाजूला ठेवली.

यंत्रानं पहिला खड्डा मारला तवा कुणी नारळसुद्धा फोडला न्हाई. सुचलंच न्हाई कुणाला. विजयश्रीला मी आज बिदरला घेऊन जायलेय. पूल होवो न होवो, ती ओढ्याच्या अल्याड बाळंत होणार न्हाई.

तुम्ही शिवराजला 'देशद्रोही' म्हणून ग्रुपमधून काढलंत म्हणं. त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या आज.

नागूबाई


बिदर
९ जून

उद्धवराव,

तुम्ही काल दवाखान्यात आलात. मला वाटलं होतं, फोटो काढायला याल. दारातच तुमच्या पिशवीवर माझी नजर होती. पिशवीत झेंडा न्हाई, मोबाईल न्हाई, चार केळी निघाली. तीही काळी पडलेली.

नातीला बघितलंत. हातात घ्यायला मी दिली न्हाई, तुम्ही मागितलीही न्हाई. विजयश्रीनं विचारलं, "मामंजी, बरे हाव ना?" तुम्ही मान हलवलीत. मग बाहेर बाकड्यावर जाऊन बसलात. मी चहा आणून दिला. चहा द्यायचा म्हणून दिला, परक्यालाही देते.

तेव्हा तुम्ही जे बोललात, त्याचं उत्तर मला तिथं देता आलं न्हाई. म्हणून हा कागद. हा शेवटचा.

तुम्ही आधी इकडचं तिकडचं बोललात. तो गोरा राजा आता उत्तर देत न्हाई. त्याला दुसरा कुणीतरी नवा देश सापडलाय. मास्तर परत शाळेत जायलेत. टीव्हीवाली पोरगी फोन उचलत न्हाई. पुलाचा स्लॅब ओतून झाला, दोन्ही काठ जुळले. हे सगळं तुम्ही असं सांगितलं जसं कुणाच्या तरी आजाराचं सांगायलात. मला आतून बरं वाटायलं होतं, खोटं कशाला बोलू. म्हणलं, भोगा.

मग तुम्ही कपातल्या चहाकडं बघत म्हणलात, "नागू, पूल झाला की ती मेलीच म्हणायची."

मी म्हणलं, "काय?"

"पूल होत नव्हता तोवर भांडण होतं. भांडण होतं तोवर रोज तिचं नाव निघायचं. सकाळी उठलं की काम होतं तिचं. सभा, पत्रं, झेंडा. आता लोक गाड्या घेऊन जातील वरून. कोण म्हणंल पल्लवी?"

 तुमची दाढी वाढलेली, गळ्याची कातडी लोंबायलीय, हे मला तेव्हाच दिसलं. आणि मला वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून स्वतःचाही राग आला. कारण ट्यूबचं मी तुम्हाला तिथं परत विचारलं, आणि तुम्ही 'न्हाई' म्हणलात न्हाई. तुम्ही म्हणलात, "मला कळत नव्हतं मी काय बोलायलो." हे उत्तर मी घेतलं न्हाई. ज्याला कळत नव्हतं त्या माणसाच्या हातात तुम्ही एक अख्खी वाडी दिली होती.

आता माझं उत्तर. ती मेली, उद्धवराव. पूल झाला म्हणून न्हाई. ती श्रावणात मेली, त्या काठावर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. त्या दिवशी आपण दोघांनी एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला पाहिजे होतं. मी वाट बघितली. तुम्ही दिवस घालून होईस्तोवर घरात थांबला न्हाई. आधी वाळूत, मग पारावर, मग टीव्हीवर. एका पोरीसाठीचं रडणं टाळायला तुम्ही केवढा देश उभा केलात. त्या देशाला जगानं मानलं असतं, तुमच्या नावाच्या नोटा निघाल्या असत्या, तरी त्या घरात मी एकटीच रडत बसले असते.

किळस अजून गेली न्हाई माझी. आज उद्या जाईल असं वाटत न्हाई. तुमच्या घरी मी परत येणार न्हाई, पदर पसरलात तरी. सत्यभामाच्या शेजारची खोली मी बघितलीय. शिवराज आणि विजयश्री लेकरू घेऊन वाडीत जातील, ते त्यांचं घर हाय.

पण एक काम हाय. साहेबांचा फोन आला होता. पाऊस यंदा लांबलाय, ऊन कडक पडायलंय, आणि स्लॅबवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं न्हाई तर तो तडकतो म्हणं. ठेकेदाराची माणसं पेरणीच्या तयारीला गावाकडं गेलीत. शिवराज इथं अडकलाय. रेणुकाबाई मारती तेवढं मारायली, पण तिच्या मेंढ्या हायत मागं.

ओढ्याच्या डोहात अजून पाणी हाय. घागरी आपल्या घरात हायत, मोरीच्या वरच्या फळीवर. तुम्ही जाऊन पाणी मारा. कुणाला बोलावू नका, कुणाला सांगू नका. पाणी मारताना पोरीचं नाव घ्यायचं असंल तर घ्या, मोठ्यानं घ्या. तिथं ऐकायला कुणी असणार न्हाई.

रडू आलं तर रडा.

नागूबाई